घरगुती आतषबाजीसाठी जोडवातींची निवड : प्रकल्प नोंदी, उन्हाळा २०२५

१२ एप्रिल २०२५, शनिवार

येत्या चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, रात्री तेथील इंडियाना राज्यातील आमच्या साडूंच्या घरामागच्या मोकळ्या जागेवर आठ-दहा मिनिटांची आतषबाजी करावयाची, असे आज ठरले आणि वातींचे काम माझ्याकडे आले. आजवर त्यांच्याकडे एकेक फटाका हाताने पेटवून मागे पळण्याची रीत होती. अंधारात, गवतावरून, हातात पेटती काडी घेऊन पुन्हा पुन्हा पुढे जाणे आणि माघारी येणे हाच या कार्यक्रमातला सर्वांत धोक्याचा भाग असतो. फटाके एकमेकांना वातीने जोडले की हे जाणे-येणे पुष्कळ कमी होते. जोडणीचा खरा लाभ तो आहे, शोभा नंतरची.

मात्र जोडणीबरोबर एक नवा धोका येतो, तो असा की एकदा पेटलेली वात थांबवता येत नाही. मधला एखादा फटाका कलंडला, वारा प्रेक्षकांच्या दिशेने फिरला किंवा एखादे मूल दोरीच्या आत धावले, तरी साखळी आपली पुढे जळतच राहते. कोणती वात किती वेगाने जळते हे या नोंदींत येईलच; पण त्याहून मोठा प्रश्न साखळी कोठे तोडावी हा आहे, असे माझे ठाम मत आहे आणि वातीची निवड मी त्याच कसोटीवर करणार आहे.

कायद्याची बाजू आधी पाहून घेतली. इंडियानात ग्राहक वर्गातले फटाके स्वतःच्या जागेवर किंवा मालकाच्या संमतीने दुसऱ्याच्या जागेवर उडवता येतात, विकत घेणारा अठरा वर्षांचा असावा लागतो, आणि चार जुलैला सकाळी दहापासून मध्यरात्रीपर्यंत मुभा असते. आम्ही वापरणार ते सर्व फटाके वाहतुकीच्या वर्गीकरणात १.४जी, यूएन ०३३६ या खुणेचे, म्हणजे दुकानात सर्वसामान्य ग्राहकाला मिळणारे आहेत. व्यावसायिक वर्गाच्या मालाचा या प्रकल्पाशी काही संबंध नाही.

२६ एप्रिल २०२५, शनिवार

वातींचे प्रकार आज एकत्र मांडून पाहिले.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची वात म्हणजे व्हिस्को. मध्ये काळ्या दारूचा बारीक गाभा, त्यावर सुताचे एका दिशेने दिलेले वेढे, त्यावर उलट दिशेने दिलेला दुसरा थर आणि बाहेरून नायट्रोसेल्युलोजचे लाखेसारखे लेपन, अशी तिची रचना असते. लेपनामुळे ती ओलाव्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि दारूतच प्राणवायू पुरवणारा घटक असल्यामुळे एकदा पेटल्यावर पाण्यातही जळू शकते. म्हणून पेटलेल्या व्हिस्कोवर बादली ओतून साखळी थांबवू, अशा भरवशावर कोणी राहू नये. बहुतेक केक, भुईनळे आणि शेल यांना कारखान्यातूनच हिरव्या व्हिस्कोची वात लावलेली असते, त्यामुळे जोडणीसाठीही तीच घेतली तर दोन्हींचे वर्तन जुळते. (केक म्हणजे एका खोक्यात अनेक नळ्या असलेला आणि एकाच वातीवर ओळीने उडणारा फटाका, महाराष्ट्रात दिवाळीला आपण ज्याला शॉट म्हणतो तोच. शेल म्हणजे नळीतून वर उडून आकाशात फुटणारा गोळा.)

या वातीचे मूळ खाणकामात आहे. विल्यम बिकफर्ड यांनी १८३१ मध्ये कॉर्नवॉलमधील टकिंगमिल येथे सुरक्षा वातीचे पेटंट घेतले. त्याआधी खाणकामगार गवताच्या काड्यांत किंवा पिसांच्या दांड्यांत दारू भरून सुरुंग पेटवत, आणि ती केव्हा झरकन जळून जाईल व केव्हा रेंगाळेल याचा नेम नसल्यामुळे माणसे दगावत. दारूभोवती सूत पिळून, वर डांबराचा लेप देऊन बिकफर्ड यांनी जळण्याचा वेग आवाक्यात आणला, तो खाणकामगाराला सुरुंगापासून दूर जाण्याइतका वेळ खात्रीने मिळावा म्हणून. जवळपास दोनशे वर्षांनी आपण दुकानात वेगवेगळ्या रंगांची वेटोळी निवडत असतो तेव्हाही वातीचे हे मूळ काम दृष्टीआड होऊ नये.

दुसरा प्रकार जलद व्हिस्कोचा. रचना तीच, पण गाभ्यातील दारू आणि वेढे असे की एक फूट वात काही सेकंदांत संपते. रंगावरून वेग ओळखता येतो असे पुष्कळांना वाटते, परंतु रंगांचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. एका विक्रेत्याची पिवळी वात जलद, तर दुसऱ्याची मध्यम असू शकते.

तिसरा प्रकार क्विकमॅच. दारूच्या लेपात भिजवून वाळवलेल्या सुताला ब्लॅकमॅच म्हणतात. ते उघड्यावर सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या बेताच्या गतीने जळते. तेच सूत कागदाच्या सैल नळीत घातले की तापलेले वायू आणि ठिणग्या नळीतून पुढे धावतात, पुढचे सूत आधीच पेटवतात, आणि गती सेकंदाला कित्येक मीटरवर जाते. व्यावसायिक मंडळी शेवटचा भडिमार याच वातीने साधतात. अमेरिकेत क्विकमॅच स्फोटक म्हणून एटीएफच्या, म्हणजे शस्त्रे व स्फोटके यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याच्या, नियंत्रणाखाली येते आणि आतषबाजीसाठी ती परवान्याशिवाय घेता येत नाही. घरी बनवण्याचा विचार तर मनातही आणू नये, कारण ओली दारू वाळवणे हे काम अनुभवी आणि परवानाधारक कारखान्यातही जपून केले जाते. हा प्रकार यादीतून आजच बाद केला.

चौथी वस्तू वात नव्हे, पण तिचा विचार येथेच करणे भाग आहे. नायक्रोमची बारीक तार असलेली चिमटी व्हिस्कोला लावतात. बॅटरीचा प्रवाह गेला की तार लाल होऊन वात पेटते. चिमटीत स्वतःची दारू नसते, त्यामुळे ती विद्युत काडीच्या, म्हणजे ई-मॅचच्या, कायदेशीर कचाट्यात सापडत नाही. दूर उभे राहून बटण दाबता येते आणि, माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे म्हणजे, बटण न दाबणेही हातात राहते.

जोडवात ही आपल्याला मुळीच नवी नाही. लवंगी माळेत मधल्या वातीला प्रत्येक फटाक्याची बारीक वात गुंफलेली असते, आणि सुरू झालेली माळ कोणाला थांबवता येत नाही हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अशा जोडलेल्या फटाक्यांवर बंदी घातली ती हवा, आवाज आणि कचरा या कारणांनी, ही गोष्ट वेगळी.

१० मे २०२५, शनिवार

आज मोजणी केली. गवत नसलेल्या काँक्रीटच्या पट्टीवर, पाण्याची बादली आणि नळी हाताशी ठेवून, एक-एक फुटाचे तुकडे जाळले. तुकडे वेटोळ्याच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे असे मुद्दाम निवडले, कारण एकाच वेटोळ्यात गती किती बदलते हे कळणे सरासरी कळण्याहून अधिक उपयोगाचे आहे.

हिरव्या वातीचा फूट २८ ते ३१ सेकंदांत जळाला. म्हणजे इंचाला साधारण अडीच सेकंद, आणि फरक सरासरीच्या दोन्ही बाजूंना पाच टक्क्यांच्या आसपास. ही वात उत्तम आहे. विक्रेत्याने मध्यम म्हणून दिलेली दुसरी वात १७ ते २० सेकंदांत संपली. जलद वातीच्या फुटाला जेमतेम तीन सेकंद लागले, आणि ते घड्याळावर पकडणे इतके कठीण होते की पुढच्या तुकड्यांचे चित्रण करून मग वेळ काढावी लागली.

दोन गोष्टी विशेष नोंदवाव्याशा वाटतात. हिरव्या वातीचा एक तुकडा पूर्ण लांबीभर कागदी चिकटपट्टीने घट्ट गुंडाळून जाळला, तर तो २३ सेकंदांतच संपला. बाहेर पडू पाहणाऱ्या वायूंना अडवले की दारू वेगाने जळते, हे क्विकमॅचचेच तत्त्व येथे सौम्य रूपात दिसते. याचा अर्थ असा की दिसायला नीटनेटकी म्हणून संपूर्ण मुख्य वात पट्टीखाली दाबून टाकली, तर कागदावर मांडलेले सगळे अंतराचे हिशेब खोटे ठरतील. पट्टी फक्त सांध्यावर लावावी, बाकीची वात उघड्या हवेत राहू द्यावी.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. रात्रभर उघड्या ओसरीवर ठेवलेले तुकडे एकदा पेटल्यावर जवळजवळ नेहमीच्याच गतीने जळले, परंतु कापलेले टोक पेट घ्यायला मात्र वेळ लागला. लेपन बाजूने संरक्षण देते. कापलेल्या टोकाशी गाभा उघडा असतो आणि दमट हवा तेथूनच शिरते. त्यामुळे वात आदल्या दिवशी कापून ठेवायची नाही, आणि वेटोळी घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायची, असे ठरवले.

१८ मे २०२५, रविवार

वेगांच्या मोजणीनंतर एका नियमाकडे वळलो, आणि त्याने निवडीचा निम्मा प्रश्न सोडवला.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या नियमानुसार फटाक्याची वात पेटल्यापासून फटाका सुरू होईपर्यंत किमान ३ आणि जास्तीत जास्त ९ सेकंद लागले पाहिजेत. पूर्वी वरची मर्यादा ६ सेकंद होती. नव्वदच्या दशकात ती ९ वर नेण्यात आली. पेटवणाऱ्याला मागे सरायला वेळ मिळावा, हा नियमाचा हेतू. पण जोडणी करणाऱ्याने त्यातून दुसरा अर्थ काढायला हवा. दोन फटाके तंतोतंत एकाच क्षणी पेटवले, तरी एक तिसऱ्या सेकंदाला आणि दुसरा नवव्या सेकंदाला सुरू होऊ शकतो, आणि दोघेही नियमात बसतात. म्हणजे मुख्य वात कितीही जलद आणि कितीही अचूक घेतली, तरी फटाक्याच्या स्वतःच्या वातीतला सहा सेकंदांपर्यंतचा फरक ती अचूकता गिळून टाकतो.

संगीताच्या ठेक्यावर आतषबाजी बसवू पाहणारे लोक जलद वातीच्या मागे लागतात ते येथेच फसतात, असे मला वाटते. ग्राहक वर्गाच्या फटाक्यांना साध्या वातीने जोडून क्रम साधता येतो, ठेका साधत नाही. त्यामुळे मुख्य वातीकडून वेगाची अपेक्षा सोडून, ती सारख्या गतीने जळावी, सांध्यावर हमखास पेट द्यावा आणि माणसाला वेळ द्यावा, एवढेच मागावे. हे तिन्ही गुण हिरव्या संथ वातीत आहेत.

त्याच नियमावलीत आणखी दोन तरतुदी आहेत. एक अशी की फटाक्याच्या वातीवर बाजूने ठिणगी पडून ती पेटू नये, असे तिचे लेपन असावे. जोडणीला नेमकी हीच तरतूद आडवी येते. मुख्य वात जळत शेजारून गेली म्हणजे फटाक्याची वात पेटेलच असे नाही, कारण तिने तशी पेटू नये म्हणूनच ती बनवलेली आहे. सांधा करताना तिचे टोक ताजे कापून गाभा उघडा करावा लागतो तो यासाठी. दुसरी तरतूद बळकटीची. फटाक्याचे वजन अधिक आठ औंस, किंवा वजनाच्या दुप्पट, यांपैकी जे कमी भरेल तेवढे ओझे वातीने न निसटता पेलले पाहिजे. हलक्या भुईनळ्याच्या बाबतीत ही मर्यादा अगदीच थोडी ठरते. म्हणून मुख्य वातीचा कोणताही ताण फटाक्यांच्या वातींवर येता कामा नये. मुख्य वात स्वतंत्र लाकडी पट्टीवर बसवायची आणि फटाक्यांच्या वाती तिच्याकडे सैलसर आणायच्या.

३१ मे २०२५, शनिवार

सांध्यांचा दिवस. साखळी तुटते ती बहुधा सांध्यावर, त्यामुळे या कामाला घाई उपयोगाची नाही.

कापण्यासाठी धारदार पाते आणि खाली लाकडाचा तुकडा घेतला. साधी कात्री वातीला चेपते, सूत दबते आणि टोकाशी गाभ्यातली दारू गळून पडते. टोक वरवर ठीक दिसले तरी ते पोकळ असते. तिरका छेद दिला की गाभा अधिक लांबीवर उघडा होतो, हा पुष्कळ जोडणाऱ्यांचा अनुभव आहे आणि आजच्या चाचणीतही तिरक्या छेदाचे सांधे सरळ छेदापेक्षा लवकर पेट घेताना दिसले. कापताना गळलेली दारू लगेच ओल्या फडक्याने टिपली. कापण्याच्या जागी, आणि त्याच्या आसपासही, काडीपेटी, लायटर किंवा पेटती सिगारेट नसावी हे सांगण्याची गरज पडू नये, तरीही साडूंना ते स्पष्ट सांगितले.

सांध्याची रीत अशी ठरली : मुख्य वातीवर ठरल्या जागी पात्याने लेपनाला हलकी खाच द्यायची, फटाक्याच्या वातीचे ताजे तिरके टोक त्या खाचेला भिडवायचे, दोन्ही वाती सुमारे एक इंच समांतर ठेवायच्या आणि कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्यायचे. खाच देताना वात आरपार कापली जाऊ नये आणि सांधा फिरता कामा नये. याच पद्धतीने केलेले नुसत्या वातीचे सांधे जाळून पाहिले. सगळ्यांनी पेट घेतला.

फटाक्याच्या वातीवर सांधा कोठे करावा याबद्दल दोन मते आहेत. काही जण ती वात बुडाशी कापून तेथेच जोडतात, म्हणजे तीन ते नऊ सेकंदांची अनिश्चितता कमी होते. मी तसे करणार नाही. सांधा शेवटच्या टोकालाच ठेवला तर फटाक्याची वात जवळजवळ पूर्ण शाबूत राहते, आणि आयत्या वेळी एखादा फटाका साखळीतून काढायचा ठरला तर सांधा कापून तो बाजूला ठेवता येतो किंवा नंतर हाताने सुरक्षितपणे पेटवता येतो. बुडाशी कापलेल्या फटाक्याला ही सोय उरत नाही. याच कारणाने फटाका उघडणे, त्याची मूळ वात ओढून काढणे किंवा आत दुसरी घालणे यांपैकी काहीही करायचे नाही. जोडणी होईल ती बाहेरून, आणि मागे घेता येण्यासारखी.

वातीचे वेढे एकमेकांवर येऊ देऊ नयेत, ही आजची शेवटची नोंद. फार लांब वात लागली म्हणून तिची गुंडाळी करून ठेवली, तर जळता भाग शेजारच्या वेढ्याला पेट देतो आणि मधली सगळी लांबी वगळली जाते. जास्त वेळ हवा असेल तर वात नागमोडी पसरावी आणि दोन वळणांत निदान दोन इंच अंतर ठेवावे.

१४ जून २०२५, शनिवार

मांडणी आणि अंतरांचा हिशेब आज पक्का केला. चार गट : भुईनळे, २०० ग्रॅम दारूचे तीन केक, सहा नळ्यांची शेलची चौकट आणि शेवटी ५०० ग्रॅमचे तीन केक. कोणत्याही दोन गटांमध्ये वातीचा धागा नाही. प्रत्येक गटाच्या मुख्य वातीला स्वतंत्र चिमटी आणि पेटवण्याच्या खोक्यावर स्वतंत्र बटण. एक गट संपून धूर पांगेपर्यंत, मैदानावर काही कलंडलेले नाही ना हे पाहीपर्यंत पुढचे बटण दाबायचे नाही. त्यामुळे मध्ये दहा-पंधरा सेकंद काळोख राहील आणि तो राहावा, अशीच माझी इच्छा आहे. अखंड चालणारी साखळी पाहायला सुंदर दिसते, पण तिच्यात विचार करायला कोठे जागाच नसते.

तीन केकचा हिशेब येथे मांडतो, कारण अंतर कसे ठरवावे हे त्यातून दिसते. प्रत्येक केक सुमारे ३० सेकंद चालतो. हिरवी वात फुटाला ३० सेकंद घेते. तेव्हा दोन केकांचे सांधे एक फुटावर ठेवावेत, असे पहिल्या नजरेला वाटते. परंतु पहिल्या केकची स्वतःची वात ९ सेकंदांची आणि दुसऱ्याची ३ सेकंदांची निघाली तर दोघे सहा सेकंद एकत्र उडतील. उलट झाले तर मध्ये सहा सेकंद काळोख पडेल. गटाच्या मधोमध पडलेला काळोख वाईट, कारण प्रेक्षकांना वाटते संपले, आणि कोणी तरी उठून पुढे येते. एकत्र उडण्याने मात्र काही बिघडत नाही. म्हणून सांधे दहा इंचांवर ठेवले. दहा इंचांना २५ सेकंद, म्हणजे अगदी वाईट जुळणीतही काळोख एका सेकंदाचा आणि एकत्र उडणे अकरा सेकंदांचे. मुख्य वातीतला पाच टक्क्यांचा फरक जमेस धरला तरी काळोख दोन-अडीच सेकंदांपुढे जात नाही.

काही जण केकच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या राखीव वातीतून पुढच्या केकला आग देतात, म्हणजे पहिला संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. ही युक्ती चतुर आहे, परंतु राखीव वात पहिली वात फसली तर उपयोगी पडावी यासाठी असते, आणि ती साखळीत गुंतवली की तो उपयोग संपतो. शिवाय केक मध्येच बंद पडला तर पुढचे सगळे जोडलेले, भरलेले फटाके तसेच मैदानावर उरतात. मी ती वापरलेली नाही.

शेलसाठी सांधे अडीच इंचांवर, म्हणजे सहा सेकंदांहून किंचित अधिक अंतराने. एकाच पेटीतल्या शेलच्या वाती एकमेकींशी बऱ्याच सारख्या असतात. त्यामुळे क्रम टिकायला एवढे पुरेल. याहून जवळ आणले तर दोन शेल एकदम उडण्याची शक्यता वाढते आणि चौकटीला दुहेरी धक्का बसतो.

शेवटच्या तीन केकांसाठी जलद वात हवी, असा साडूंचा आग्रह होता. तिन्ही एकदम सुरू व्हावेत म्हणून. त्यांना १८ मेची नोंद दाखवली. तिन्ही एकदम सुरू होणे वातीच्या हातात नाहीच, आणि चिमट्या पुरेशा आहेत. तेव्हा तिघांना तीन चिमट्या, तीन बटणे आणि जोडवात अजिबात नाही. एखादा केक नीट बसला नसेल तर तेवढे बटण दाबायचे नाही. जलद वातीचे वेटोळे त्यामुळे पूर्णपणे यादीबाहेर गेले.

२२ जून २०२५, रविवार

शेलची चौकट. ग्राहक वर्गातल्या शेलचा व्यास पावणेदोन इंचांपर्यंत आणि दारू जास्तीत जास्त ६० ग्रॅम. हाताने एकेक उडवताना नळी कलंडली तर एक शेल चुकीच्या दिशेने जातो; जोडलेल्या चौकटीत पहिल्या धक्क्याने चौकट कलंडली तर उरलेले सगळे शेल त्याच आडव्या नळ्यांतून, त्याच वातीवर, उडत राहतात. जोडणीमुळे धोका वाढतो तो असा. म्हणून चौकटीला दोन्ही बाजूंनी आडवे पाय जोडले, ते लोखंडी खुंट्यांनी जमिनीत ठोकले, आणि नळ्यांमध्ये एकेका नळीइतकी मोकळी जागा सोडली. ठोकाठोक शेल आणि वाती येण्याआधी पूर्ण केली. वातीजवळ खिळे किंवा स्टेपलची बंदूक वापरायची नाही. शेल सपाट बूड खाली येईल असा, तळाशी टेकेपर्यंत सोडायचा. उलटा बसलेला शेल नळीतच फुटतो.

प्रेक्षकांचे अंतर : व्यावसायिक आतषबाजीत शेलच्या व्यासाच्या दर इंचाला ७० फूट धरतात. त्या हिशेबाने पावणेदोन इंचांना सव्वाशे फूट भरले असते. आम्ही दीडशे फुटांवर दोरी बांधणार आहोत. जागा तेवढी आहे, तर कमी का करावे?

२८ जून २०२५, शनिवार

भुईनळ्यांच्या एका छोट्या जोडणीची रंगीत तालीम घेतली. सांधे व्यवस्थित पेटले, पण एका भुईनळ्याच्या ठिणग्या शेजारच्या अजून न पेटलेल्या वातीवर पडत होत्या. लेपनामुळे काही झाले नाही, तरी सांध्याशी कापलेले टोक उघडे असते आणि तेथे हा धोका खरा आहे. त्यामुळे सर्व सांध्यांवर आणि केकांच्या माथ्यावर ॲल्युमिनियमचा पातळ कागद सैलसर टोपीसारखा ठेवायचे ठरले. तो घट्ट आवळायचा नाही. आवळला तर वातीचा वेग बदलतो, हे १० मे रोजी दिसले आहेच.

राज्याच्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्या नकाशावर आमच्या काउंटीत आग पेटवण्यास मनाई नाही, हे पाहिले. गेल्या आठवड्यात पाऊस झाल्यामुळे गवत हिरवे आहे. चार तारखेला सकाळी पुन्हा पाहायचे.

४ जुलै २०२५, शुक्रवार

वाती दुपारी चारनंतर कापल्या, सांधे सहापर्यंत पुरे केले. चिमट्या लावताना पेटवण्याच्या खोक्याची किल्ली माझ्या खिशात आणि बॅटरी बाहेर काढलेली होती. शेवटचा माणूस दोरीबाहेर आल्यावरच बॅटरी बसवली. सूर्यास्त सव्वानऊच्या सुमारास झाला. पावणेदहाला पहिला गट.

तिसऱ्या गटाआधी वारा थोडा फिरला आणि धूर प्रेक्षकांकडे येऊ लागला. थांबलो, खुर्च्या वीस-पंचवीस फूट बाजूला घेतल्या, मग बटण दाबले. हा थांबा कोणाला खटकला नाही. साखळी अखंड असती तर तो मिळालाच नसता. शेलचा क्रम टिकला. चौथा आणि पाचवा शेल फार जवळ उडाले, पण चौकट हलली नाही. शेवटच्या तिघांपैकी एक केक पेटला नाही. त्याच्याकडे कोणी गेले नाही.

५ जुलै २०२५, शनिवार

काल कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास थांबून, डोळ्यांना चष्मे लावून, न पेटलेल्या केकवर दुरूनच नळीने पाणी मारले आणि मग तो बादलीत बुडवला. आज सकाळी पाहिले तर चिमटी वातीवरून घसरलेली होती. केक आणि त्याची वात दोन्ही ठीक होते. चिमटीच्या मागे पट्टीचा एक वेढा दिला असता तर ती जागची हलली नसती, तेव्हा पुढच्या वेळच्या यादीत हे लिहून ठेवले आहे. भिजलेला केक पुन्हा वाळवून वापरायचा नाही; तो रात्रभर पाण्यात राहिलेल्या बाकीच्या अवशेषांबरोबर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, कचऱ्यात गेला.

तिन्ही जोडलेल्या गटांतील सांधे उचलून तपासले. सगळे जळालेले आहेत. केकांच्या गटात पहिला आणि दुसरा केक चार-पाच सेकंद एकत्र उडाले, दुसरा आणि तिसरा जवळजवळ लागोपाठ. दहा इंचांचे अंतर पुढेही तसेच ठेवण्यासारखे आहे. शेलसाठी मात्र अडीचऐवजी तीन इंच ठेवावेत, म्हणजे साडेसात सेकंद मिळतील.

उरलेली हिरवी वात पिशवीत बंद करून, तिच्यावर खरेदीचा महिना आणि फुटाला २८ ते ३१ सेकंद ही मोजणी लिहून ठेवली. पुढच्या वर्षी त्याच वेटोळ्यातला तुकडा पुन्हा जाळून वेळ पाहिल्याशिवाय हा आकडा वापरायचा नाही. जलद वातीचे उरलेले वेटोळे तसेच ठेवले आहे. साडू ते दुकानात परत घेतात का, याची सोमवारी चौकशी करतील.